मूल्य: सदुपयोग

त्या काळात मी घरी बसून नेमकं काय करते, हे आमच्या घरात कुणालाच नीट सांगता येत नव्हतं. मलाही नव्हतं. नवऱ्याला कुणी विचारलं तर तो म्हणायचा, "कॉम्प्युटरवर लिहिती." त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असायचा, "कुठल्या ऑफिसात?" मग तो माझ्याकडं बघायचा आणि मी खिडकीबाहेर. खालच्या मालकीणबाईंनी आपल्यापुरता निकाल लावून टाकला होता. त्या गल्लीत सांगायच्या, "वरच्या बाई सैपाकाचे क्लास घेत्यात. पण पोरी काय कधी येताना दिसत न्हाईत."

आम्ही कोल्हापूरला लागून असलेल्या उचगावात राहायचो, वरच्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. नवरा फौंड्रीत सुपरवायझर होता. मुलगी शाळेत जात होती. लग्नाआधी, नव्वदनंतरच्या वर्षांत, मी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात मराठी टायपिंगचं काम करायचे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, संस्थांचे वार्षिक अहवाल, असलं सगळं. अध्यक्षांचा फोटो मोठा आणि तोट्याचा आकडा बारीक छापायचा, एवढं शिकून मी तिथनं बाहेर पडले. टायपिंगचा हात मात्र राहिला. पुढं दोन हजार सालानंतर घरात एक जुना कॉम्प्युटर आला, फोनच्या तारेतनं इंटरनेट आलं, आणि तो हात स्वस्थ बसेना.

सुरुवात नवऱ्याच्या भाचीमुळं झाली. ती लग्न होऊन अमेरिकेला गेली होती. आम्ही जैन, मूळचे शिरोळकडचे शेतकरी. घरात कांदा नाही, लसूण नाही, बटाटा नाही, सूर्य मावळल्यावर जेवण नाही. माहेरी असताना या पोरीनं चुलीकडं ढुंकून पाहिलं नव्हतं. तिकडं गेल्यावर तिला आमटीची आठवण व्हायला लागली. ती मेलवर विचारायची, मी टाइप करून पाठवायचे. सांडग्याची आमटी. कच्च्या केळ्याची भाजी. गव्हाची हुग्गी, म्हणजे गूळ घातलेली खीर. अष्टमी-चतुर्दशीला हिरवी भाजी चालत नाही तेव्हा डब्यात काय द्यायचं. एक दिवस तिनंच लिहिलं की मामी, हे सगळं एका ब्लॉगवर घाला, इथं माझ्यासारख्या पुष्कळजणी आहेत. ब्लॉग म्हणजे काय, हे मला तिनं तीनदा समजावलं आणि मला ते तीनदा कळलं नाही. शेवटी तिनंच तो उघडून दिला.

मालकीणबाईंना माझा विषय कळला तेव्हा त्या पोट धरून हसल्या. "कांदा-लसूण न्हाई त्याला आमटी कशाला म्हणायचं? पाणी म्हणा की." कोल्हापुरात बसून कांदा-लसणाशिवायच्या स्वयंपाकावर लिहायचं म्हणजे तालमीत बसून विणकाम शिकवण्यासारखंच होतं. तरी बायका वाचत होत्या. पुण्याहून, बंगळूरहून, कुठल्या कुठल्या देशांतून लिहायच्या. कुणाची सासू राहायला येणार असायची. कुणाला मुनिमहाराजांच्या आहारासाठी चौका लावायचा असायचा, म्हणजे सगळा सोवळ्यातला स्वयंपाक, आणि कुठलं पाणी कितीदा गाळायचं ते आठवत नसायचं. अनोळखी बाई मला ताई म्हणायची आणि मी हुरळून चार पानांचं उत्तर लिहायचे.

यातून पैसे मिळू शकतात, हे मला मेलवरच्या एका अमेरिकन गृहस्थानं सांगितलं. मला एकटीला नाही, जगातल्या सगळ्यांनाच. घरी बसून लिहून पोट कसं भरावं यावर तो रोज एक मेल पाठवायचा, फुकट, आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायचे. त्याचं म्हणणं असं की आपल्याजवळचं चांगल्यातलं चांगलं आधी लोकांना फुकट द्या. भरपूर द्या. मग त्यांचा विश्वास बसतो, मग ते तुमच्याकडून विकत घेतात. या सगळ्याला त्यानं नरसाळ्याचं चित्र काढलं होतं. वरच्या तोंडात हजारो माणसं, आणि खालच्या नळीतून गिऱ्हाईक होऊन बाहेर पडणारी दहाबारा. मी ते चित्र बराच वेळ बघत बसले. आमच्याकडं नरसाळ्यात वरून जेवढं रॉकेल ओतावं तेवढं सगळं खाली डब्यात पडतं. मध्येच कमी झालं तर माणसं दुकानदाराशी भांडतात. याची बाकीची माणसं जातात कुठं, हे त्या गृहस्थानं कुठंच लिहिलं नव्हतं.

फुकट किती द्यायचं आणि थांबायचं कुठं, हे मला उमगेना. सगळंच देऊन टाकलं तर विकायचं काय? आणि चांगलं तेवढं मागं ठेवलं तर विचारणारीला "ते विकत आहे बाई" असं कुठल्या तोंडानं सांगायचं? आमटीत मीठ केव्हा घालायचं हे सांगायचे कुणी पैसे घेतं का? माझ्या आईनं मला ते फुकटच शिकवलं होतं, पाठीत एक धपाटा घालून.

आधी ब्लॉगच्या कडेला जाहिराती लावल्या. कशाच्या जाहिराती येणार, हे माझ्या हातात नव्हतं. एकदा पर्वातल्या जेवणाशेजारी कोंबडी तळायच्या भांड्याची जाहिरात आली. मी घाबरून दिवसभर कॉम्प्युटर बंद ठेवला, जणू माझ्या घरातला बंद केला की ती जगातनं नाहीशी होणार होती. बऱ्याच महिन्यांनी परदेशातून एक चेक आला. बँकेतल्या कारकुनानं तो उलटासुलटा करून बघितला.

"ह्यो कुणी दिलाय?"

"जाहिरात कंपनीनं."

"तुम्ही कसली जाहिरात करता?"

"मी करत नाही. माझ्या लिहिण्याशेजारी त्या येतात."

"मग तुम्ही काय करता?"

"आमटी कशी करायची ते लिहिते."

त्यानं चेक खाली ठेवला आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला हाक मारली. "हिकडं या जरा. आमटीचं डॉलर आल्यात."

हसण्यावारी चाललं होतं तोवर बरं होतं. मग फौंड्रीतलं काम कमी झालं. आठवड्यातले निम्मे दिवस भट्टी थंड असायची. थोरल्या दिरांचा शिरोळहून निरोप आला, की कशाला भाडं भरत बसलाय, घरी या, उसाला माणूस पाहिजेच आहे. नवऱ्याला ते पटलं. मला पटलं नाही. सासरचं घर वाईट नव्हतं, माणसं तर अजिबात नाहीत. पण तिथं मोठ्या खटल्याचा स्वयंपाक होता, दोन्ही वेळचा, सूर्य मावळायच्या आत उरकायचा, शिवाय शेतावरच्या माणसांचा वेगळा. स्वयंपाकाबद्दल लिहायचं तर स्वयंपाकातून उठून जरा लांब बसावं लागतं. ती लांब बसायची जागा मला उचगावातल्या खिडकीजवळच्या टेबलापाशी मिळाली होती, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ती मला सोडायची नव्हती. मी नवऱ्याला हे असंच सांगितलं. तो भला माणूस. दोन दिवस विचार करून म्हणाला, "दिवाळीपतूर तुझ्या लिहिण्यातनं घरभाडं सुटायला लागलं तर राहू. न्हाईतर जायचं, आणि मग कुरकुर न्हाई." मी कबूल झाले.

जाहिरातींच्या चेकवर भाडं सुटणार नव्हतं. ते आले तर आले, न आले तर न आले. मग त्या अमेरिकन गृहस्थाच्या सांगण्यावरून मी पुस्तक करायचं ठरवलं. कागदाचं नाही, कॉम्प्युटरवर वाचायचं. आपणच लिहायचं, आपणच पानं लावायची, आपणच विकायचं, मध्ये प्रकाशक नाही. विषय चातुर्मासातलं जेवण. आषाढापासून कार्तिकापर्यंत काय चालतं, काय चालत नाही, उपवास, पारणं, नोकरी करणारीनं सूर्यास्ताआधी जेवण कसं उरकायचं, डबा कसा भरायचा, चौक्याची तयारी. रोजचं साधं ब्लॉगवर फुकट, सणावाराचं आणि व्रताचं पुस्तकात, असा मी एकदाचा बांध घातला. छापखान्यातला हात कामी आला. पानं अशी देखणी लागली की जुन्या मालकानं बघितली असती तर चहा पाजला असता. ब्लॉगवर एका पानावर पुस्तकाची माहिती आणि किंमत लिहिली. देशातल्या बायका माझ्या खात्यात पैसे भरून कळवायच्या, परदेशातल्या भाचीकडं द्यायच्या, आणि पैसे मिळाले की मी पुस्तक मेलनं धाडायचे.

पहिली मागणी म्हैसूरहून आली. मी तो मेल नवऱ्याला वाचून दाखवला, मुलीला वाचून दाखवला आणि मालकीणबाईंनाही दाखवणार होते, पण त्या पुन्हा पाण्याचं काढतील म्हणून थांबले. मग एकेक येत गेल्या. बांध मात्र माझा मलाच पाळता येत नव्हता. एकीनं लिहिलं, उद्या सासऱ्यांचं पारणं आहे, पहिल्यांदाच माझ्यावर जबाबदारी आहे, भीती वाटते. मी पुस्तकातली चार पानं तशीच तिला पाठवून दिली. तिनं पुस्तक घेतलं नाही, आणि घ्यायला हवं होतं असं मला वाटलंही नाही. वाटलं ते रात्री, भाड्याचा विचार मनात आल्यावर. तरी श्रावण उजाडेपर्यंत भाडं जवळजवळ सुटायला लागलं होतं. माझा विश्वास बसेना. रोज सकाळी मेल उघडताना धाकधूक व्हायची, की आज कुणीतरी लिहिणार, बाई, काहीतरी घोटाळा झालाय, पैसे परत करा.

श्रावणात आत्ती आल्या. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्तीच म्हणतात. त्या शिरोळला थोरल्या दिरांकडं असायच्या आणि वर्षातून एकदा आमच्याकडं चार दिवस यायच्या. त्यांचं कितीतरी वर्षं चाललेलं एक व्रत त्या भाद्रपदात पुरं व्हायचं होतं. मी दिवसभर टेबलापाशी काय करते, हे त्यांनी आधी निमूटपणे पाहिलं, मग विचारलं.

"काय करालीस गं एवढं?"

"आपल्या स्वयंपाकाचं लोकांना लिहून देते, आत्ती. लांब लांबच्या बायका आहेत."

"पैसं घेतीस?"

"याचे नाही. आधी फुकटच द्यायचं असतं."

याच्या पुढचं नरसाळ्याचं होतं. ते मलाच धड कळलेलं नव्हतं, त्यांना काय सांगणार? मी तिथंच थांबले. आत्तींना तेवढं उत्तर पुरलं. त्यांचा चेहरा खुलला. मी त्यांच्यासाठी पुस्तकाची एक प्रत कागदावर छापून आणली. चष्मा लावून त्यांनी ती अक्षर न् अक्षर वाचली, हुग्गीतल्या गुळाचं प्रमाण चुकलंय म्हणून सांगितलं आणि जाताना पिशवीत घालून घेऊन गेल्या. मला बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा मी केलेलं काहीतरी त्यांनी शिरोळला नेलं होतं.

भाद्रपदात दशलक्षण पर्व संपताना त्यांच्या व्रताचं उद्यापन झालं. आम्ही गेलो. उद्यापनाला आमच्यात शास्त्रदान करतात, म्हणजे आलेल्या प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचं. आमच्या घराघरांत फळीवर अशी पुस्तकं असतात आणि ती कुणी विकत घेतलेली नसतात. कुणीतरी छापतं, कुणीतरी वाटतं, घेणारा कपाळाला लावून घरी नेतो. किमतीच्या जागी छापलेलं असतं, "मूल्य: सदुपयोग". छापखान्यात असताना मी स्वतः कितीदा तरी ते टाइप केलं होतं.

बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, पूजा आटोपली. मंडपात गठ्ठे आले. वरचा कागद फाडला आणि बघते तर माझं पुस्तक. जयसिंगपूरच्या छापखान्यात माझ्याच पानांवरनं छापलेलं, गुलाबी पुठ्ठ्याचं, मागच्या बाजूला आत्तींचा हात जोडलेला फोटो. खाली मूल्य: सदुपयोग. मला आधी कुणी काही सांगितलं नव्हतं, कारण मला धक्का द्यायचा होता म्हणे. तो बसला.

आत्तींनी माझ्या मनगटाला धरून मला सगळ्यांपुढं उभं केलं. "माझ्या सुनंनं लिवलंय," त्या म्हणाल्या. "पानापानावर किंमत शोधली मी. कुठं म्हणून न्हाई. तवा कळलं, पोरीनं दानासाठीच लिवलंय."

खरंच नव्हती. किंमत ब्लॉगवर होती, पुस्तकावर छापायचं मला सुचलंच नव्हतं. बायका येऊन मला कुंकू लावत होत्या. पंडितजींनी चार चांगले शब्द सांगितले. मी हसत उभी होते. आतून मला ओरडावंसं वाटत होतं, की अहो, थांबा, ठेवा ती खाली. आणि त्याच वेळी, खोटं कशाला बोलू, माझं छापलेलं पुस्तक हातात आल्यावर मला त्याचा वास घ्यावासा वाटला. घेतलाही.

परतताना एसटीत मी नवऱ्याला विचारलं, "हे चांगलं झालं की वाईट?"

"शिरोळच्या बायका तुझं गिऱ्हाईक हाईत व्हय?"

"नाहीत."

"मग झालं की. फुकटात जाहिरात झाली."

तो अमेरिकन गृहस्थही हेच म्हणाला असता. दोन देशांतले दोन पुरुष एकच सांगतायत म्हटल्यावर मी गप्प बसले. पण झोप काही लागली नाही.

दान एकदा सुरू झालं की ते वेशीवर थांबत नाही. थोरल्या दिरांना आईचं कौतुक. त्यांनी त्याच छापखान्यातून पुस्तक कॉम्प्युटरवर घालून घेतलं आणि आमच्या समाजातल्या परगावच्या मंडळींचा एक मेलचा गट होता, तिथं पाठवून दिलं. आमच्या मातोश्रींच्या व्रताच्या उद्यापनाप्रीत्यर्थ सर्वांस सप्रेम भेट. ज्यानं वाचलं त्यानं ते पुढं पाठवलं, कारण ज्ञान पुढं देण्यातही पुण्य असतं. माझी सगळी गिऱ्हाइकं त्याच गटात होती, किंवा त्यांच्या बहिणी, जावा, मैत्रिणी तरी होत्या.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मला दिसत होतं एवढंच, की मागण्या थांबल्या. एक दिवस नाही, दुसऱ्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यात नाही. मी खातं तपासलं. भाचीला विचारलं, तीही चक्रावली. अमेरिकन गृहस्थाचे जुने मेल काढून पुन्हा वाचले. तो मथळा बदला म्हणाला, मी मथळा बदलला. किंमत उतरवून बघा म्हणाला, ती उतरवली. आणखी काही फुकट द्या म्हणाला, तेव्हा मात्र मी कॉम्प्युटर बंद केला आणि भांडी घासायला बसले.

मग पुण्याच्या एका बाईचा मेल आला. आधी अभिनंदन होतं, एवढं मोठं दान केल्याबद्दल. खाली लिहिलं होतं, "मी मागच्याच महिन्यात पैसे भरून पुस्तक घेतलं होतं. त्याचं काही नाही, ताई, तेही मी दानच समजते." सोबत ते गुलाबी पुठ्ठ्याचं पुस्तक जोडलेलं होतं, पहिल्या पानापासून आत्तींच्या फोटोपर्यंत.

त्या एका वाक्यात मी अडकून पडले. तिनं पैसे दिले, मी पुस्तक दिलं. यात दान कुणी कुणाला केलं? मी लेखिका, की दुकानदार, की देवळाच्या दारातली कुणी? मला राग आला, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. आत्तींवर काढावा तर त्यांनी पदरचे पैसे घालून माझं पुस्तक छापलं होतं, आणि असा मान मला आजवर कुणी दिला नव्हता. दिरांवर काढावा तर त्यांना काय ठाऊक? वाचणाऱ्या बायकांवर काढावा तर त्या रोज लिहीत होत्या, ताई, तुमच्यामुळं यंदाचा चातुर्मास नीट पार पडला. इतके आशीर्वाद मला जन्मात मिळाले नव्हते आणि माझी इतकी कोंडीही कधी झाली नव्हती. शिवाय एक मन म्हणायचं, चातुर्मास संपतच आलाय, मागण्या तशाही कमी झाल्याच असत्या. मला त्या मनाचाही राग आला.

दिवाळी आली. भाडं सुटलं नव्हतं. कबूल केल्याप्रमाणं मी कुरकुर केली नाही, निदान मोठ्यानं नाही. शिरोळला गेलो तर दिरांनी आमच्यासाठी एक खोली रंगवून ठेवली होती. पहाटे बस्तीत महावीरांच्या निर्वाणाचा लाडू चढवून आलो आणि फराळाच्या उरलेल्या करंज्या तळायला मी चुलीपाशी बसले. आत्ती शेजारी लाटत होत्या.

"गप गप का तू? तुला यायचं न्हाई व्हय हिकडं?"

आणि मी बोलून गेले. सगळं. टेबल, भाडं, दिवाळीची मुदत, पुस्तक विकायला लिहिलं होतं ते, मेलवरनं सगळीकडं गेलं ते. आवाज चढू नये म्हणून मी झारा घट्ट धरला होता. कढईतल्या करंज्या करपल्या आणि आम्हा दोघींपैकी कुणी त्या बाहेर काढल्या नाहीत.

"मग मला तवाच का न्हाई सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"कुठं सांगू? मंडपात, सगळ्यांसमोर?"

त्यांनी लाटणं खाली ठेवलं. पोळपाट उचलला आणि बाहेर गेल्या. मला वाटलं, दुखावल्या. सणाच्या दिवशी म्हाताऱ्या माणसाला बोलले म्हणून मला वाईट वाटलं, पण जे बोलले ते परत घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

उचगावातलं सामान बांधायला घेतलं त्या आठवड्यात आत्ती एकट्याच एसटीनं येऊन दारात उभ्या राहिल्या. हातात जड पिशवी. उद्यापनातली उरलेली पुस्तकं होती. प्रत्येक पुस्तकावरच्या सदुपयोगावर त्यांनी बॉलपेननं काट मारली होती आणि शेजारी थरथरत्या अक्षरात किंमत लिहिली होती. आकडा आपल्याच अंदाजानं लावलेला, किलोभर शेंगदाण्यांना पडतील तेवढा.

"चल," त्या म्हणाल्या. "कोल्हापुरातल्या बस्तीत जाऊ. तिथं मला कोण वळखतंय?"

मी नको नको म्हणाले. त्यांनी जन्मात कुणाला काही विकलं नव्हतं. घरी ताक मागायला आलेल्या बाईलाही त्या वर लोण्याचा गोळा घालून द्यायच्या. पण पायांतली चप्पल न काढता त्या दारातच उभ्या राहिल्या, तेव्हा मी साडी बदलली.

बस्तीच्या दाराशी, जिथं लोक चपला काढतात, तिथं त्यांनी पिशवी मांडली आणि बसल्या. बाई दर्शनाला येताना दिसली की पुस्तक पुढं करायच्या. बायका ते सवयीनं घ्यायच्या, कपाळाला लावायच्या आणि आत निघून जायच्या. आत्ती मागनं म्हणायच्या, "ओ बाई, किंमत हाय त्याला." पण ते इतक्या हळू, की फक्त मलाच ऐकू यायचं. दोघीतिघी तशाच गेल्या. एकीनं थांबून पुस्तक चाळलं आणि परत दिलं. "ह्ये हाय आमच्याकडं. लेकीनं पाठवलंय कॉम्प्युटरवर."

"आत्ती, उठा," मी म्हटलं. "घरी जाऊ."

"बस खाली," त्या म्हणाल्या.

बऱ्याच वेळानं एक नवी लग्न झालेली पोरगी आली. तिनं पुस्तक उघडलं, दोन पानं वाचली आणि विचारलं, "केवढ्याला?" आत्तींनी माझ्याकडं बघितलं, मग जमिनीकडं बघत आकडा सांगितला. पोरीनं पर्स उघडली, नोट दिली आणि पुस्तक पर्समध्ये टाकून आत गेली. इतकं साधं होतं ते.

आत्तींनी नोट दोन्ही हातांत धरली. उठल्या, आणि दाराच्या आत दानपेटी होती तिकडं निघाल्या. पेटीच्या फटीपर्यंत त्यांचा हात गेला. तिथं त्या थांबल्या. तशाच मागं वळून माझ्यापाशी आल्या आणि नोट माझ्या मुठीत कोंबली.

"त्या दानाचं पुण्य मला लागलं," त्या म्हणाल्या. "ते तुला द्यावं म्हटलं तर देता येत न्हाई. ज्याचं त्याला. ह्ये तेवढं देता येतंय. घे."

मी घेतली. आणि तिथंच चपलांच्या गर्दीत मला रडू आलं. पुढच्या आठवड्यात आम्ही शिरोळला राहायला गेलो.